डाव्या पंखातली टाकी

मी टाकी. पाण्याची नव्हे बरं का, विमानाची. सांगलीबाहेरच्या माळावर धावपट्टी आहे, तिथं उसावर औषध फवारणारं एक जुनं विमान असायचं. त्याच्या डाव्या पंखात मी होते. पेट्रोल माझ्या पोटात, पण लोक बघायचे ते पायलटसाहेबांच्या काळ्या चष्म्याकडं. माझ्याकडं बघायचा एकटा आकाराम.

जन्म माझा परदेशातला. पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, रिव्हेट मारून शिवलेला. तीन मालक करून एकसष्ट साली इथं आले तेव्हा माझं वय झालंच होतं. आज ही शिवण, उद्या ती.

आकाराम हा विमानाचा मिस्त्री. गाव लोणंद, लष्करातल्या वर्कशॉपमधून सुटून आलेला. बायको मनुबाई गावी आणि हा इथं शेडमध्ये एकटा. मी गळायला लागले की तो शिवणींवर खडूची पूड चोळायचा. विमानाच्या पेट्रोलला लाल रंग घातलेला असतो, म्हणून जिथं लालसर रेघ उमटेल तिथं दुखणं. तेवढ्यानं नाही सापडलं तर मला रिकामी करून, तोंड बंद करून, सायकलच्या पंपानं हलकेच हवा भरायचा आणि रिठ्याचा फेस लावून बुडबुडे शोधत बसायचा. "बये, आज कुटं दुकतंय?" म्हणायचा. मग मनुबाईच्या गोष्टी सुरू. तिनं कोंबड्या पाळल्या, ती रुसली, तिनं लाडू धाडले. खोटं कशाला बोलू, मला मनुबाईचा हेवा वाटायचा. पण गळल्याशिवाय माझ्याशी बोलायला येतंय कोण? म्हणून थेंब सुटला की मला बरंच वाटायचं.

सहासष्टच्या दिवाळीनंतर तार आली. मनुबाई फार आजारी, लगेच या. नेमकी त्याच दुपारी मी टपटप गळत होते. मला रिकामी करायला दोन तास लागणार आणि गाडीला उरला होता एक. खाली पेट्रोलचं थारोळं, आणि राखणदार बिराप्पाच्या तोंडात सदा बिडी. काय करील बिचारा आकाराम? जीपवाले करतात तेच त्यानं केलं. कपड्याचा साबण घेतला आणि शिवणीवर दाबून घासला. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, गळती थांबते. पाणी लागलं की मात्र सगळं मुसळ केरात.

"बिराप्पा, सायबास्नी सांग, मी येस्तवर इमान हलवायचं न्हाई," म्हणाला आणि पळाला.

बिराप्पानं निरोप दिला, नाही असं नाही. पण पायलट लालासाहेबांनी पंखाखाली बोट फिरवलं. "कोरडं ठाक आहे की. आकारामनं काम उरकलंय. शिराळ्याच्या उसाला कीड लागलीय, सकाळी निघू."

मी जीव तोडून ओरडले. पण टाकीची ओरड म्हणजे थेंब, आणि त्याच्या तोंडावर साबण बसलेला.

सकाळी फवाऱ्याचं औषध भरलं. ते पाण्यातलंच. फवारा सुटला की पंखाखाली तुषार उडणार आणि साबण धुऊन जाणार, हे मला दिसत होतं. लालासाहेब बसायला पाय उचलतात तोवर धावपट्टीवरनं आकाराम पळत आला. अंगभर उसाचं पाचट. त्यानं बिराप्पाचा तांब्या उचलला, माझ्या शिवणीवर पाणी ओतलं आणि अंगठ्यानं चोळत राहिला. थोड्या वेळानं थेंब सुटला. मग दुसरा.

"त्यो साबण हाय, सायेब. दुरुस्ती न्हवं."

लालासाहेबांचा चेहरा उतरला. "तू तर गाडीत होतास ना रे?"

"भाकरी मोडली तर हाताला साबणाचा वास आला. तवा ध्यानात आलं, सायेब कोरडं बगून फसणार. ताकारीला उतरलो. उसाच्या ट्रकनं आलो."

"आणि मनुबाई?"

आकाराम खालीच बघत होता. "आता दुपारची गाडी हाय."

लालासाहेबांनी जीप काढली आणि त्याला थेट लोणंदला नेलं. पण मनुबाई पहाटेच गेली होती. गाडीतून उतरला नसता तर रात्रीच तिच्या उशाशी पोचला असता.

पंधरा दिवसांनी तो आला. मला रिकामी केली, दोन दिवस वाळवली, शिवणींतलं जुनं लुकण खरवडून नवं भरलं. काम असं केलं की बोलायची सोय नाही. आणि खरंच, या खेपेला तो काहीच बोलला नाही. मी वाट बघत होते, नुसतं "बये" तरी म्हणेल. नाही म्हणाला. लालासाहेबांना त्यानं दोष दिला नाही, मलाही नाही. महिनाअखेरीस वळकटी उचलून गावी गेला.

त्यानंतर मी गळले नाही आणि कुणी जवळ आलं नाही. दोन वर्षांनी विमान मोडीत निघालं. आता बिराप्पाच्या बायकोनं, येसूबाईनं, माझा वरचा पत्रा कापून, सात वेळा धुऊन, शेळ्यांना पाणी पाजायला मला माळावर ठेवलंय. "एक थेंब गळत न्हाई बगा," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. शेळ्या पितात आणि निघून जातात. दुपारभर मी एकटीच असते. कधी वाटतं, पुन्हा गळावं, कुणी खडू घेऊन येईल. पण ती शिवण काही केल्या गळत नाही.

लोणंदला कुणी जाणार असाल तर आकारामला माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, शिवण कोरडी आहे. पाणी लागतंय रोज, तरी कोरडी आहे.