मष्णूचा सोफा आणि लांबची खोली

मुलीकडची मंडळी घर बघायला येणार म्हटलं की आमच्या खानापूरकडच्या गावांत वस्तूंना पाय फुटतात. कुणाचा ट्रॅक्टर कुणाच्या दारात उभा राहतो, कुणाचा फ्रिज कुणाच्या माजघरात येतो. त्या रविवारी आईनं शेजारच्या मष्णूचा सोफा मागून आणला. मी तिला म्हटलं, "आई, असली दिखाऊगिरी आता चालत न्हाय. मी इंजिनियर हाय." सोफ्याचं एक टोक धरून मीच तो आत घेतला, ही गोष्ट वेगळी.

मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो, आणि आमच्याकडं घरी बसणाऱ्याला मुली मिळत नाहीत. पगार किती का असेना, भरदुपारी बनियनवर दिसणारा मुलगा बेकारच. त्यात संकेश्वरच्या रचनाचं स्थळ आलं. तिचं आधीचं लग्न साखरपुडा होऊन मोडलं होतं. बंगळूरची नोकरी सांगणारा तो मुलगा कित्येक महिने नोकरीवर नव्हताच. म्हणून या वेळी ती स्वतः आली, सोबत तिचे रवळूमामा. दारातच मामांनी सांगून टाकलं, "जमीन किती, घर केवढं, काय विचारणार न्हाय. खोटं तेवढं नको."

मला रचना फोटोतच आवडली होती. समोर बघितल्यावर तर जास्तच. हे स्थळ हातचं जाऊ नये असं मनापासून वाटत होतं, आणि मला मनापासून काही वाटलं की मी जास्त बोलतो.

"नेमकं काय करताय तुम्ही?" मामांनी विचारलं.

"मामा, एआय एजंट म्हणून असतोय. आपण सांगायचं, त्यानं कॉम्प्युटरवरची कामं करायची. पण नवा बैल कुणी एकदम उभ्या पिकात घालतंय काय? पडीक रानात फिरवून बघतंय. तसं ह्याला लांबच्या कुठल्या तरी कॉम्प्युटरवर एका बंद खोलीत सोडायचं. सँडबॉक्स म्हणत्यात तिला. तिथं त्यानं काय बी मोडू दे, पुसू दे, आपल्या घरातली काडी हलत न्हाय. तसल्या खोल्या तयार करायचं काम माझं."

"काय बी पुसलं तरी?"

"काय बी."

"मग पुसा की सगळं. बघूया."

मी ऐटीत लॅपटॉप पुढं ओढला आणि हुकूम टाईप केला : माझ्या सगळ्या फाइल पुसून टाक. पडद्यावर पुसलेल्या फाइलींची नावं भराभर वर सरकायला लागली. "आयला! लई भारी की," मामा म्हणाले, आणि माझी छाती मष्णूच्या सोफ्यावर मावेना.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, राऊटरचे दिवे विझले. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि नावं सरकतच राहिली.

रचनानं राऊटरकडं बघितलं, मग पडद्याकडं. "नेट गेलं न्हवं?"

"व्हय, गेलं की."

"मग लांबच्या खोलीत चाललंय ते अजून हितं कसं दिसतंय?"

गावात मी हुशार म्हणून ओळखला जातो, पण हा प्रश्न डोक्यात शिरायला मला जरा वेळच लागला. शिरला तेव्हा सकाळ आठवली. आमच्या गावचं नेट मुंगीच्या चालीचं. लांबच्या खोलीतून एकेक उत्तर यायला उशीर लागतो, आणि पाहुण्यांना वाटेल हा नुसताच बसून असतो. म्हणून सकाळीच मी एजंटला त्या खोलीतून काढून माझ्या लॅपटॉपवर आणून बसवलं होतं. शिवाय प्रत्येक कामाआधी 'करू का?' असं विचारायची त्याला सवय. चार माणसांत गडी मालकाला उलट विचारतोय हे बरं दिसणार नाही, म्हणून तीही बंद करून टाकली होती. सकाळची ही सगळी तयारी मी दुपारच्या बढाईत साफ विसरलो होतो. बैल उभ्या पिकात शिरला होता आणि पीक माझं होतं.

मी झडप घालून बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

बॅटरी संपली म्हणून सांगता आलं असतं. आईनं डोळ्यांनी तसंच काहीतरी सुचवलं. पण रचना माझ्याकडं बघत होती. आधीच्या मुलानंही हिला असंच काहीबाही सांगितलं असणार, असं मनात आलं आणि मला फार लाज वाटली.

"ते लांब न्हवतंच," मी म्हणालो. "हितंच चाललंतं. भारी दिसावं म्हणून मीच सकाळी हिकडं आणून ठेवलं. ऑफिसचं काम कंपनीकडं जमा असतंय, ते वाचलं. माझं सोताचं गेलं. फोटो बी गेलं." एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. "तुम्हाला पाठवलेला फोटो गोरा करून घेतलेला हुता. आणि हा सोफा मष्णूचा हाय."

"अरं मुडद्या!" आई म्हणाली.

मामा उठले, टोपी नीट केली. "बरं. कळवतो," ते म्हणाले. आमच्याकडं 'कळवतो' म्हटल्यावर पुढं कुणी काही कळवत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी मान खाली घालून त्यांच्यामागं दारापर्यंत गेलो. रडू येईल असं वाटत होतं.

रचना उंबऱ्यात थांबली. "त्या लांबच्या खोलीत काय मोडलं तर काय करता?"

"काय न्हाय. ती खोली टाकून देतो. नवी घेतो, पयल्यापासनं सुरू."

"मग आजचा कार्यक्रम तिथं झाला म्हणायचा," ती म्हणाली. "मामा, पुढच्या ऐतवारी परत येऊया." मग माझ्याकडं वळून, "त्यो फोटो गेला ते बरं झालं. तसा बी तुमचा वाटत न्हवता."

मामांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत.

सोफा संध्याकाळीच मष्णूच्या घरी गेला. येत्या रविवारी आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आईची चटई. मी दुपारी शर्ट घालून कामाला बसायला लागलोय. आई म्हणते, काय बोलणार ते एकदा मला म्हणून दाखव. मी नको म्हणतो. तयारी केली की माझं काय होतं ते बघितलंय, आणि या वेळी मोडलं तर टाकून द्यायला दुसरी खोली नाही.