जंताचा पत्ता

सुनेने चिमट्याने माशाचा कल्ला उचलला आणि सासूबाईंनी सुरी हवेतच थांबवली. घरात तसा करारच होता. मासा आला की डोकं सुनेचं, बाकीचा घराचा. सून एका संशोधन संस्थेत माशांवरचे जंत ओळखायचं काम करायची, आणि जंत बघायचा कुणी पगार देतं यावर लग्नानंतर बरेच दिवस सासूबाईंचा विश्वास बसला नव्हता.

दारात सासरे बूट काढत होते. पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी गळ घेऊन नदीवर जायचे आणि मासा घेऊनच यायचे. आजचा मिशीवाला मासा म्हणे पुलाखालच्या भोवऱ्यात दबा धरून होता. त्याने त्यांना कमरेपर्यंत पाण्यात ओढलं, एक बूट जवळजवळ गिळलाच, आणि शेवटी दमला तेव्हा त्यांच्याकडे बघून मिशा खाली सोडल्या.

"हं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या कोरड्याठाक पँटकडे न बघता कांदा चिरायला घेतला.

कल्ल्याच्या लाल झालरीत खसखशीएवढे चारदोन जंत होते. दुसऱ्या दिवशी सुनेने ते मायक्रोस्कोपखाली धरले आणि चहा गार झाला तरी ती उठली नाही. हे जंत शेपटीकडच्या आकड्यांनी कल्ल्याला धरून बसतात. यांचे आकडे काकडीच्या वेलाच्या टोकासारखे वळलेले होते. असे आकडे कुठल्याच पुस्तकात नव्हते. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांनी नावं दिलेले जंत ओळखले होते. हा पहिलाच तिचा स्वतःचा.

विभागाच्या मोठ्या बाई कौतुकाच्या बाबतीत फार चिकट. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, नवा दिसतोय खरा, पण हे मरून आक्रसलेत, चित्र नीट यायचं नाही. जिवंत आण. आणि सापडला कुठे ते पक्कं लिही, त्याशिवाय कुणी छापणार नाही.

सून पुलाखाली गेली. तिथे घोटाभर पाणी होतं आणि त्यात एक म्हैस बसली होती. भोवरा असलाच तर तो म्हशीच्या खाली असावा. घरी येऊन विचारलं तर सासरे म्हणाले, तो नव्हे, त्याच्या पुढचा पूल. पुढच्या पुलाला नदीच नव्हती, खालून रेल्वे जात होती.

तिला अंदाज आलाच होता. सकाळी धरलेल्या माशावरचे जंत दुपारी थोडेतरी वळवळतात. हे बर्फातल्या माशावरच्यासारखे पांढरे पडून गोळा झालेले होते. पण बाबांना तोंडावर कसं म्हणायचं? संध्याकाळी ते पायरीवर गळाचा दोरा सोडवत बसले होते, तिथे ती जाऊन बसली.

"बाबा, चुकीची जागा छापली तर उद्या कुणीतरी तिथे शोधायला जाईल. त्याला काही मिळणार नाही. मग म्हणतील, असा जीव नव्हताच."

सासरे दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

"म्हणजे चुकीच्या पत्त्यावरचं पत्र," ते म्हणाले.

"तसंच."

आयुष्यात त्यांनी एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नव्हतं, आणि ही मात्र थाप नव्हती. सकाळी त्यांनी बूट घातले, गळ खांद्याला लावला आणि सुनेला म्हणाले, चल. नदीचं वळण मागे टाकून दोघं थेट बाजारात आली.

"या आजोबा, आज काय पकडायचंय?" मासळीवालीने विचारलं. मग मागे उभी असलेली सून तिला दिसली, तशी ती उगाचच माशांवर पाणी मारायला लागली.

"हिला सांग," सासरे भलतीकडेच बघत म्हणाले, "तो मिशीवाला कुठून येतो."

वीटभट्टीमागच्या तळ्यातून, मासळीवाली म्हणाली. तिचा भाऊ पहाटे तिथे जाळं टाकतो.

 परतताना घर दिसायला लागलं तेव्हा सासरे म्हणाले, "तुझ्या सासूला..."

"मी जंतांचं काम करते बाबा, माणसांचं नाही."

तळ्यातल्या माशांवर तिला वळवळते, ताजे जंत मिळाले. तिने चित्रं काढली, वर्णन लिहिलं, नाव ठेवलं. ते छापून येईपर्यंत बरेच रविवार गेले, आणि त्यातल्या एकाही रविवारी घरात मासा आला नाही. सासरे गुडघा दुखतो म्हणायचे. सासूबाई त्यावरही "हं" म्हणायच्या.

छापलेलं पान आलं तेव्हा सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि फक्त जागेची ओळ बोट ठेवून वाचली, पाकिटावरचा पत्ता वाचावा तशी. तळं खोल आहे का, त्यांनी विचारलं. कडेला चिखल फार आहे, सून म्हणाली.

त्या रविवारी ते गळ घेऊन बाहेर पडले. एरवी जेवायच्या वेळेला हजर असायचे, ते ऊन कलल्यावर आले. नाक भाजून लाल झालेलं, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, पिशवी रिकामी. एका पायात बूट नव्हता.

"काही मिळालं नाही," ते म्हणाले, आणि पुढे काहीच सांगितलं नाही.

सासूबाईंनी पिशवी पाहिली, मग तो पाय पाहिला. मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं, कपाटातला चांगला टॉवेल काढला. पाण्याला वाफ येईपर्यंत शेगडीपाशीच उभ्या राहिल्या. मग सुनेकडे झुकून, हसू दाबत, हळूच म्हणाल्या,

"आज गेले होते हं मासे धरायला."