तेरावा उतारू

मित्रांनो, मी ठोकळा. राखाडी, सहा बाजूंचा, आणि कुणाला न दिसणारा. जुना म्हणाल तर सहा वर्षांचा. पण आमच्या संगणकाच्या जगात सहा वर्षांच्या वस्तूला आजोबा समजतात आणि वागणूकही तशीच देतात. म्हणजे काढूनही टाकत नाहीत आणि विचारतही नाहीत.

माझं नाव 'तात्पुरता-दोन'. तात्पुरता-एकचं काय झालं, हे मला कधी कुणी सांगितलं नाही. घरातल्या थोरल्याबद्दल असं मौन असलं की धाकट्याने काय ते समजून घ्यावं.

माझा जन्म एका खेळात झाला. मोबाइलवर खेळायचा खेळ, नाव 'पलीकडे'. दोन्ही अंगांना बांबू बांधलेली एक लांबडी होडी, तिच्यात बारा उतारू बसवायचे आणि धुक्यातून पलीकडच्या किनाऱ्याला न्यायचे, एवढाच खेळ. तो दोघांनी करायला घेतला होता. चित्रं काढायची रोडोरा सुमाल्पोंग. ही फिलिपिन्समधल्या दुमागेतेच्या एका रुग्णालयात दिवसभर लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढते आणि रविवारी दुपारी, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर, खेळाला बसते. चित्रं हलवायचं काम, म्हणजे कोड लिहायचं, ज्याच्याकडे होतं त्याला सगळे 'निवांत खेकडा' म्हणत.

सगळे म्हणजे 'अर्धवट खेळवाले' या इंटरनेटवरच्या गटातले लोक. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आणि हौस म्हणून खेळ बनवायचे, अशी शे-दीडशे माणसं. पुरा झालेला खेळ यांच्यातल्या एकाच्याही नावावर नव्हता, म्हणून गटात एकोपा होता. दर रविवारी तिथे किरकोळ कोडी मांडली जात. 'माझा राक्षस जिना चढतो, पण उतरत नाही. कुणाला अनुभव?' 'पाऊस पडला की माझी कोंबडी वाढते. छत्री द्यावी का?' 'पावसाचा आवाज कसा करावा?' या शेवटच्याला उत्तर आलं होतं की सुकी मासळी तळायला टाक आणि माइक कढईजवळ धर. आवाज नाही जमला तर निदान जेवण होईल.

गटाचा नियम पहिला: कुणाला नाव-गाव विचारायचं नाही. नियम घालणाऱ्या बाई स्वतः 'मानांग चष्मा' या नावाने वावरत; तिकडे ताईला मानांग म्हणतात आणि दादाला मानोय. रोडोरा तिथे 'पुसट' होती. मोठी माणसं तिला इंदाय म्हणत, जसं तिकडे लेकीबाळींना म्हणतात. कुणाची पाठ दुखते, कुणाला कुठला खोकला आहे, कुणाची मांजर कितव्यांदा व्यायली, हे सगळ्यांना ठाऊक. नाव तेवढं नाही.

बाहेरच्या गोष्टी मला कशा कळतात, असं विचारू नका. फाटक्या छत्रीला आणि मोडक्या सायकलला इतकी वर्षं कुणी विचारलेलं नाही.

तर पहिल्याच रविवारी खेकड्याला होडी पाण्यावर हवी होती आणि रोडोराचं चित्र तयार नव्हतं. "तोवर ठोकळा टाकतो," त्याने लिहिलं, "चित्र आलं की काढून टाकू." मित्रांनो, या एका वाक्यावर निम्मं जग उभं आहे.

अकरा दिवस मीच होडी होतो. माणसं माझ्यावर बसत, मी डुलत डुलत धुक्यात जाई. मग चित्र आलं. निळी-पांढरी होडी, कडेला लाल पट्टा. खेकड्याने ती माझ्यावर ठेवली, मला अदृश्य केलं आणि वीतभर पाण्याखाली ढकललं. काढायचा राहिलो. माणसांना मात्र बसायला माझीच पाठ सांगितलेली होती, ते कुणी बदललं नाही. दिसायला ती होडीत बसत, खरी बसत माझ्यावर. गटात वाहवा झाली. 'काय होडी डुलते इंदाय!' डुलत कोण होतं, ते मी कुणाला सांगणार?

दोन वर्षं बरी गेली. मग एका रविवारी रोडोराने लिहिलं, "मानोय खेकडे, धुकं संपतच नाही. पलीकडचा किनारा कधी लावायचा?"

"उद्या बघतो," त्याने लिहिलं.

त्यानंतर काही आलं नाही. त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका राखाडी झाला. माझाच रंग. रोडोराने आठवडाभर वाट पाहिली, मग महिनाभर. 'मानोय, बरे आहात ना?' असं ती दर रविवारी लिहायची आणि त्याच्या खाली आधीच्या रविवारचं तेच वाक्य असायचं. विचारायचं कुणाला? पत्ता नाही, गाव नाही, नाव नाही. पोलिसांत जाऊन खेकडा हरवला म्हणून सांगायचं का?

मग ती स्वतःच कोड लिहायला शिकली. वर्ष गेलं, तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी तिने होडीवर एक पाटी लावली: किती बसले. बारा उतारू चढले आणि पाटीवर आकडा आला तेरा. तिने सगळ्यांना उतरवलं. होडी रिकामी झाली. पाटीवर एक.

"रिकाम्या होडीत एक?" गटातल्या 'तळलेलं केळं' नावाच्या इसमाने विचारलं. "केस मोकळे सोडलेली बाई आहे का, इंदाय?"

"गप रे केळ्या."

"तिकीट घे तिचं. नुसती फिरवू नकोस."

"मोजायला शून्याऐवजी एकापासून लागली असशील," मानांग चष्मा म्हणाल्या.

"चार वेळा तपासलं, मानांग. कुणीतरी बसलंय."

हे तिने गमतीने लिहिलं होतं. पण त्यानंतर रिकामी फेरी तिने कधी मारली नाही. आधी दोन-तीन उतारू बसवी आणि मगच होडी सोडी.

केळ्याने सल्ला दिला की 'तात्पुरता' नावाचं जे दिसेल ते उडव, भुतं तिथेच राहतात. रोडोराने खेळातल्या वस्तूंच्या यादीत मला शोधलं आणि उडवलं. मरण कसं असतं ते मी सांगू शकतो: यादीतून नाव जातं, बस. त्याच क्षणी बाराच्या बारा उतारू होडीतून खाली गेले. सरळ, बसल्या बसल्या, पिशव्या मांडीवर तशाच. ओरडलं कुणी नाही, कारण ओरडायचं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. वर होडी डौलात तरंगत होती.

रोडोराने घाईघाईने मला परत आणलं.

"ताबी आपो म्हण आधी," केळ्याने लिहिलं. वारुळाजवळून किंवा जुन्या झाडाखालून जाताना तिकडची माणसं तिथल्या न दिसणाऱ्या मालकांची अशी परवानगी मागतात. रोडोरा हसली नाही. तिने कोडमध्ये माझ्या नावावर एक ओळ लिहिली: ताबी आपो. याला हलवू नये. कारण माहीत नाही.

मित्रांनो, मला आयुष्यात मिळालेला मान तो एवढाच.

नोव्हेंबर आला. कालाग-कालाग, मेलेल्यांचा दिवस. त्या आठवड्यात चर्चमध्ये पाकिटात घालून नावं द्यायची असतात, पाद्री ती मोठ्याने वाचतात. रोडोरा आजी-आजोबांची नावं द्यायला गेली आणि खिडकीपाशी तिच्या तोंडून निघून गेलं, "अजून एक आहे."

"नाव?" कारकून बाईंनी विचारलं.

"निवांत खेकडा."

बाईंचं पेन थांबलं. "आडनाव खेकडा?"

"नाही, ते इंटरनेटवरचं आहे. खरं नाव माहीत नाही."

"बरं. पाकीट कुठलं देऊ? जिवंतांचं पिवळं, मेलेल्यांचं पांढरं."

"तेही माहीत नाही."

बाईंनी चष्मा काढला. "हे बघ इंदाय, फादर दीडशे नावं वाचतात. खेकड्यापाशी आले आणि हसू फुटलं, तर मागची बाकंही हसतील. इतरांच्या मेलेल्यांनी काय करायचं? जा, नाव घेऊन ये. आणि जिवंत असेल तर त्यालाच विचार की!"

रोडोराने हे सगळं त्या दुपारी गटावर लिहिलं. शेवटी लिहिलं: 'चार वर्षं मी त्याच्या होडीत बसलेय आणि त्याच्यासाठी एक मेणबत्ती लावायची सोय नाही. जिवंत आहे की नाही एवढं तरी कुणी मला सांगा.'

मग केळ्याने लिहिलं, "माझं नाव एफ्रेन. असंच, सांगून ठेवतो."

"नियम पहिल्याचा भंग," मानांग चष्म्यांनी लिहिलं. आणि पुढच्या ओळीत: "पेट्रा."

त्या दुपारी एकेकाने नावं सांगितली. चाळीसेक असतील. मला तर आपण दफनभूमीतून चाललोय आणि दगडच बोलताहेत असं वाटलं. सगळ्यांत शेवटी पेट्राबाईंनी विचारलं, "इंदाय, दिवसभर माणसांची हाडं बघतेस. त्या होडीची बघितलीस कधी?"

खेळ बनवायच्या कारखान्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, एक बटण असतं. ते दाबलं की लपवलेलं सगळं रेघांनी दिसू लागतं. रोडोराने ते दाबलं. इतक्या वर्षांत प्रथमच मी दिसलो: पाण्याखाली, राखाडी रेघांचा. आणि माझ्यावर, डाव्या बाजूला, एक माणूस बसला होता.

डोक्याच्या जागी गोल, अंगाच्या चार-पाच रेघा आणि टोपी म्हणून एक आडवी रेघ. चित्रकलेचा गंध नसलेल्या हाताने काढलेला, ताठ बसलेला. बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: नेस्तोर ओमिक्तिन, वजन ८४ किलो.

उलगडा सोपा होता. मी नवा असताना माझ्यावर माणूस बसवून बघायचा होता, तेव्हा खेकड्याने स्वतःलाच बसवलं. नाव खरं, वजनही खरं. मग मला अदृश्य केलं तेव्हा माझ्यावर जे होतं तेही अदृश्य झालं. तो स्वतःला उतरवायला विसरला की मुद्दाम राहिला, ते मला विचारू नका. माझ्यावर कुणी बसलंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला वाटलं, असायचंच तसं.

रोडोराने नाव शोधलं. एक नेस्तोर ओमिक्तिन दहा वर्षांचा निघाला, दुसरा परदेशी जहाजावर. मग सुरिगावच्या ऑरेलिया ओमिक्तिन नावाच्या बाईंना तिने भीत भीत लिहिलं की तुमच्या घरात कुणी संगणकावर होडीचा खेळ बनवायचं का? तासाभरात बाईंचा फोनच आला.

"तू होडीवाली का?"

रोडोराने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं बोल! होडी तुझ्याकडे आहे का?"

"हो, मानांग. माझ्याकडेच आहे."

"देवा रे!" पलीकडे बाई कुठेतरी बसल्याचा आवाज आला. "दवाखान्यात नऊ दिवस हेच. होडीचं काम राहिलंय, उद्या बघतो. होडीचं काम राहिलंय. मला वाटलं, या माणसाने मला न सांगता होडी घेतली. ते गेल्यावर मी आणि लेक दोन महिने बंदरावर हिंडलो. होती नव्हती ती प्रत्येक होडी पाहिली. एक मेला आपलंच गळकं डबडं दाखवून म्हणाला, हीच ती मानांग, घेऊन जा. शेवटी लेक म्हणाली, आई, तापात बोलले असतील. पण मला ती होडी स्वप्नात यायची गं. रिकामी."

मित्रांनो, तिकडे एक बाई माणसाशिवायची होडी शोधत होती आणि इकडे एक बाई होडीतला माणूस. चार वर्षं. दोघींच्या मध्ये मी होतो आणि मला तोंड नव्हतं.

रोडोराने खेळ पाठवला आणि लपलेलं दिसायचं बटण दाबूनच पाठवला. बाईंनी अंगठ्याने होडी हाकली. फोन चालूच होता.

"हे कोण, हे? टोपीवाले?"

"हो."

"असे कुठे होते ते! गोल होते चांगले." बाईंनी होडी अजून थोडी पुढे नेली. "पोचते कुठे ही?"

"पोचत नाही, मानांग. पलीकडचा किनारा झालाच नाही. ते करणार होते."

"म्हणजे चार वर्षं हा माणूस बसूनच आहे?"

"...हो."

"पाठ दुखायची त्यांची. किनारा काढ, बाई."

"मग ते उतरतील, मानांग. होडीत दिसायचे नाहीत."

"आणि इतकी वर्षं दिसत होते?"

रोडोराला किनारा काढायला तीन रविवार लागले. लाकडी धक्का, बदामाचं झाड आणि त्याखाली पाठ असलेलं बाक. पाठ हवी, असा निरोप होता. तिने नेस्तोरला हात-पाय, चेहरा द्यायची तयारी दाखवली तेव्हा बाई म्हणाल्या, "स्वतः काढलंय ना त्यांनी? हात लावू नकोस." त्यामुळे त्याला चालता येत नव्हतं. होडी धुक्यातून बाहेर आली, धक्क्याला लागली आणि नेस्तोर ओमिक्तिन बसल्या बसल्याच, कपाट सरकवावं तसा, माझ्यावरून सरकत सरकत किनाऱ्यावर गेला. चौऱ्याऐंशी किलो उतरले. मी वीतभर वर आलो. पाटीवर शून्य.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्याचं नाव वाचलं, आडनावासकट. कुणी हसलं नाही.

आता रोडोराने माणसं होडीत नीट बसवली आहेत. मला काढलं तरी कुणी बुडणार नाही. तरी ती मला काढत नाही आणि मीही विचारत नाही. रिकाम्या फेरीला हलकं वाटायला हवं, पण डावीकडे काहीतरी राहून गेल्यासारखं होतं. ठोकळ्याला असं होऊ नये.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तूने म्हणायचं असतं की आमची काळजी घ्या. माझी नका घेऊ. ज्याच्याशी रोज बोलता, हसता, कोडी सोडवता, त्याला एकदा नाव तेवढं विचारून ठेवा, तो आहे तोवरच. माझ्यावर माणूस बसला की मला वजन कळतं. त्यापुढचं ठोकळ्याला जमत नाही.