श्रमप्रतिष्ठेत पहिली

ईरम्मा सकाळी पाटलाचा गोठा झाडून आली, हातपाय धुतले आणि लेकीची वेणी घालायला बसली. आज शाळेत तपासनीस साहेब यायचे होते आणि दुरपतीला बक्षीस मिळायचं होतं. तेल जरा जास्तच लावलं गेलं. लागणार नाही तर काय! शाळेचं तोंड पाहिलेली वस्तीतली ही पहिलीच पोर.

हुलसूरजवळच्या त्या गावात निजामाचं राज्य होतं तोवर शाळेत उर्दू चाले, आणि गावकुसाबाहेरच्या पोरांनी तिकडं फिरकायचंही नव्हतं. राज्य गेलं तशी पुस्तकं बदलली. मराठी आली, नागरिकशास्त्र आलं, सूतकताई आली, आणि सगळ्या जातींची पोरं वर्गात घ्या असा हुकूमही आला. ईरम्मानं लगोलग पोरीला नेऊन बसवलं. आपल्या हातात खराटा आला तो आला, हिच्या हातात येऊ द्यायचा नाही, हा तिचा एकच हट्ट. घरचं अंगणसुद्धा ती पोरीला झाडू देत नसे.

दुरपती आता तिसरीत होती. नव्या पुस्तकांबरोबर श्रमप्रतिष्ठा नावाचा एक विषय आला होता आणि त्यात म्हणे ती पहिली येई. ईरम्माला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, पण तिनं तो वस्तीभर मिरवला. शेजारणी चिडवत, आता तुझी लेक तहसीलदारीण होणार बघ. ईरम्मा वरवर रागवायची आणि मनातून सुखावायची.

पटांगणात सगळं गाव जमलं. ईरम्मा लांब, कडुलिंबाखाली उभी राहिली. पाटलाच्या पोरानं पाढे म्हटले, वाण्याच्या मुलीनं टकळीवर सूत काढलं. मग प्राणेश मास्तरांनी दुरपतीचं नाव पुकारलं. पोर पुढं आली, भिंतीशी टेकवलेला खराटा उचलला आणि पाहुण्यांच्या पायांजवळून पटांगण झाडू लागली. मुतारीही हीच धुते, सांगावंसुद्धा लागत नाही, असं मास्तर साहेबांना कौतुकानं सांगत होते.

ईरम्मा कडुलिंबाखालून दोन पावलं पुढं आली आणि तिथंच थांबली. पोर मात्र हसत होती. खराट्याचं नाव काढलं की माय चिडते हे तिला पक्कं ठाऊक, म्हणून ती घरी फक्त विषयाचं नाव सांगायची. तेवढीच एक शाबासकी त्या लेकराच्या वाट्याला येत होती हो!

साहेबांनी विचारलं, पुस्तकात तर हे काम सगळ्या मुलांनी पाळीपाळीनं करायचं आहे ना? मास्तर हळूच म्हणाले की पाटलांच्या नि वाण्यांच्या पोरांना झाडायला लावलं तर आईबाप शाळेतच पाठवायचे नाहीत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! साहेबांनी मान डोलावली आणि चहाचा कप उचलला.

बक्षीस म्हणून दुरपतीला नागरिकशास्त्राचं कोरं पुस्तक मिळालं. साहेब म्हणाले, "पहिली ओळ वाचून दाखव बघू, बाळ."

पोरीनं पानाकडं पाहिलं, मग मास्तरांकडं पाहिलं.

"मला वाचाय येत न्हाई, सायेब. वाचायच्या तासाला म्या झाडत असते."

गाव खदखदून हसलं. प्रत्येकाच्या अंगी एकेक गुण असतो, असं म्हणत मास्तरांनी वेळ मारून नेली. साहेबांनी पुस्तक घेतलं आणि ती ओळ स्वतःच मोठ्यानं वाचली: "कायद्यापुढे आपण सगळे समान आहोत." टाळ्या पडल्या. साहेबांची मोटार भालकीच्या रस्त्याला लागली.

घरी आल्यावर ईरम्मानं पोरीच्या हातावर सपकन मारलं आणि मग तोच हात उराशी धरून ती ढसाढसा रडली.

"माय, म्या पहिली आले की. तू रडायलीस कामून?"



दुसऱ्या दिवशी ईरम्मा गोठ्याकडं गेलीच नाही. तिनं पोरीला वर्गात बसवलं आणि शाळेचा खराटा मांडीवर आडवा घेऊन ती उंबऱ्यात बसली. मास्तरांनी दरडावलं तरी हलली नाही.

"खराटा माझ्यापाशी ऱ्हाईल, मास्तर. ज्याला झाडायचं आसंल त्यानं मागून घ्यावा. माझी लेक वाचाय शिकंपतूर म्या हितून उठत न्हाई."

तिच्या हातून खराटा घेणार कोण? विटाळ होईल ना! आता झाडायची पाळी आपल्या पोरावर येईल म्हणून महादेवप्पा पाटलानं सगळ्यांत आधी त्याला उठवलं, आणि गोठ्याकडं पुन्हा पाय ठेवू नकोस, भाकरी बंद, असं तिला बजावून गेला. त्याच्यामागून एकेक बाप आला. दुपारपर्यंत वर्ग मोकळा झाला.

"झालं समाधान?" मास्तर म्हणाले. "तुझ्यापायी शाळा बंद पडली."

"बंद कुठं हाय? एक लेकरू बसलंय की. शिकवा."

मास्तरांनी खुर्ची खिडकीकडं फिरवली आणि पाठ करून बसले. दुरपतीनं बक्षिसाचं पुस्तक उघडून मांडीवर ठेवलं. शाळा सुटायची वेळ झाली तरी ते पहिलंच पान उघडं होतं.

वाचकहो, तुमच्या गावच्या शाळेतही हा श्रमप्रतिष्ठेचा विषय असेल. त्यात पहिलं कोण येतं, तेवढं एकदा जाऊन विचारा.