दोन परसांमधली कडी

“...आणि अनवरीनं म्हणे साफ सांगितलंय, त्या बाईचं आता तोंड पाहायचं नाही, दारच चिणून टाका. कारण चंद्रभागेनं त्या दिवशी...”

इथवर आलं आणि परसात रंगनाथ खाकरला. आळीतल्या धोंडाबाईनं बाकीचं गिळलं, घागर उचलली आणि ती चालती झाली. पुढचं काही मला ऐकू आलं नाही. मला, म्हणजे त्याच दाराच्या कडीला. हो, मी कडीच बोलतेय. इकडच्या तिकडच्या गोष्टी ऐकायची मला खोड आहे, ती लपवत नाही. दोन घरांच्या मधे लटकायचं तर कान बंद करून कसं भागेल?

माझा जन्म जुन्या नाशकातल्या तांबट आळीमागचा. रंगनाथ तांबट हंडे-घागरी घडवायचा आणि भिंतीपलीकडचा खलील कल्हई करायचा. भांडी उचलून आळीला वळसा घालता घालता दोघे कंटाळले. शेवटी त्यांनी मधली भिंत फोडली आणि सोमा सुताराकडून हरसूलकडच्या सागाचं दार करून घेतलं. रंगनाथनं पितळेच्या कांबीतून मला ठोकून काढलं, खलीलनं घासूनपुसून लखलखीत केलं आणि आपल्या परसाच्या बाजूनं दारावर बसवलं.

खरं सांगू? नऊ वर्षांत मला कोयंड्यात कुणी अडकवलंच नाही. माझं काम एकच, वाजायचं. खलीलची बायको अनवरी मला दोनदा खडखडवायची आणि विचारायची, “आपा, परसात पुरुषमाणूस आहे का गं?”

“रंगनाथ तांबट आहेत, पण ते हंड्यात डोकं घालून बसलेत. ये तू!” रंगनाथची बायको चंद्रभागा तिकडून म्हणायची. दोघीही हसायच्या.

चंद्रभागा त्यांच्या घरचं शिजवलेलं खात नसे. म्हणून ईदला अनवरी कोरड्या शेवया, साखर आणि खारका आणून द्यायची. चंद्रभागा आपल्या चुलीवर खीर करायची आणि दारात बसून दोघी आपापल्या वाटीतली खायच्या. “माझी तुझ्यापेक्षा गोड झाली बघ,” चंद्रभागा म्हणायची. “साखर माझीच ना!” अनवरीचं उत्तर तयार. त्यात कुणाचा मान गेला नाही की कुणाचा धर्म बुडाला नाही. जी उठायची ती म्हणायची, “येते गं.” दुसरी म्हणायची, “ये.”

दोघींना एकमेकींच्या सणावारांचे रिवाज पाठ होते. दुःखाचे मात्र माहीत नव्हते, कारण त्या नऊ वर्षांत दोन्ही घरांत मरण असं आलंच नव्हतं.

पस्तीस सालच्या भाद्रपदात ते आलं. कल्हईच्या नवसागराच्या धुरानं खलीलची छाती आधीच खाल्ली होती. चार दिवस ताप चढला आणि तो गेला.

तिसऱ्या दिवशी चंद्रभागा पिठलं-भाकरी घेऊन आली. अनवरीला कवटाळून पोटभर रडली. मग उठली आणि एक शब्द न बोलता, मागं न बघता निघून गेली. घरात पाऊल टाकायच्या आधी परसातल्या दगडावर बसून तिनं लुगड्यासकट डोक्यावरून तीन तांबे पाणी ओतलं.

अनवरी फटीतून बघत होती.

चंद्रभागेच्या लोकांत दुःखाच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत. म्हटलं तर तशाच कारणानं पुन्हा यावं लागतं, अशी भीती. आणि तिथून आलं की सगेसोयरे असोत की परके, आंघोळ ही करायचीच. हे मला ठाऊक होतं, पण अनवरीला कोण सांगणार? तिला एवढंच दिसलं की आपा बोलली नाही आणि आपला स्पर्श धुऊन मोकळी झाली.

त्याच दुपारी अनवरीची जाऊबाई म्हणाली, “ते दार लाव. नवरा गेला, इद्दत आहे तुझी. चार महिने दहा दिवस परक्या पुरुषाची नजर पडायला नको.” अनवरीनं मला पहिल्यांदा कोयंड्यात घातलं. कारण रिवाजाचं होतं, पण मनात ती आंघोळ होती.

इकडे चंद्रभागा तेरा दिवस थांबली. मग तिनं दार ढकललं. दार हललं नाही. “अनवरी?” तिनं हाक मारली. आत माणसं होती, कुणी ओ दिली नाही. “तेरावा झाला की बाईमाणूस बाहेर येतं,” ती नवऱ्याला म्हणाली, “हिनं तर कडीच घातली. काय चुकलं असेल माझं?”

“त्यांच्या घरचा मामला. त्यांचे वडीलधारे बघतील. बोलावल्याशिवाय आपण मधे पडायचं नाही,” रंगनाथ म्हणाला. रंगनाथच्या जातपंचांची रीतच तशी.

आणि पलीकडे खलीलचा थोरला भाऊ, मालेगावचा इसाक, बायकोला म्हणत होता, “रंगनाथ मोठा माणूस. तो आपण होऊन आला आणि म्हणाला की बाई आमच्या नजरेखाली राहील, तर मी हिला हलवणार नाही.” इसाकच्या लोकांत जबाबदारी घेणारा स्वतःच चालत येतो. एक बोलावण्याची वाट बघत बसला, दुसरा येण्याची. मी मधे अडकलेली. वाजवल्याशिवाय मला तोंड नाही.

चौथ्या महिन्यात इसाकनं विचारलं, “इथं तुझं कुणी आहे का? असेल तर राहा. नाहीतर घर विकू आणि मालेगावला चल.”

अनवरीनं माझ्याकडे बघितलं. “कुणी नाही,” ती म्हणाली.

घर विकलं. इद्दत संपली त्या सकाळी टांगा दारात उभा होता. अनवरीनं मला काढलं, दोनदा वाजवलं आणि सवयीनं विचारलं, “आपा, पुरुषमाणूस आहे का गं?”

चंद्रभागा पिठाच्या हातानं धावत आली. अनवरी म्हणाली, “त्या दिवशी बोलली नाहीस. वर आंघोळ केलीस.”

“अगं बये! माझी आई गेली तेव्हाही मी तशीच आंघोळ केली होती. आणि ‘येते’ म्हणून तुझ्या घरी पुन्हा मरण बोलवू? पण तू कडी का घातलीस?”

अनवरीनं इद्दतीचं सांगितलं. चंद्रभागेनं पिठाच्या हातानंच तिला उंबऱ्यावर बसवलं.

“नको ना जाऊस.”

“साटेखत झालं, आपा. जेठजींनी जबान दिली.” टांगेवाल्यानं हाक मारली. अनवरी उठली. “येते हं.”

चंद्रभागा मागोमाग टांग्यापर्यंत गेली. टांगा हलला तेव्हा कुठे तिच्या तोंडून निघालं, “ये.”

नव्या मालकानं आठ दिवसांत दार काढून भिंत घातली. “बघा, मी म्हटलं नव्हतं?” धोंडाबाई आळीभर सांगत फिरली. भिंतीचं तिचं खरं ठरलं. रागाचं मात्र खोटं होतं.

चंद्रभागेनं मला मागून घेतलं. तेव्हापासून मी तिच्या चुलीजवळच्या खिळ्यावर आहे. दर अमावास्येला ती मला चिंचेनं घासते. पहिल्या ईदला मालेगावहून कोरड्या शेवयांची पुरचुंडी आली. यंदा आली नाही.

“विसरली,” धोंडाबाई म्हणाली.

“विसरली नाही. काहीतरी आडवं आलं असेल,” चंद्रभागा म्हणाली. नवऱ्याला तिनं सांगून टाकलं, “उद्या सकाळच्या मोटारीनं मालेगाव. बोलावणं नसलं तरी.” रंगनाथ या वेळी नाही म्हणाला नाही.

तिनं मला फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलंय. बाबांनो, तुमच्याही शेजारचं एखादं दार लागलेलं असेल. कारण मनात धरून बसू नका, जाऊन विचारा. मला एवढंच कळतं.

चंद्रभागा मघापासून भाकरी बांधता बांधता थांबतेय. मालेगावचं घर दुःखाचं तर नसेल ना, निघताना ‘येते’ म्हणायला मिळेल की नाही, ते तिथं पोचल्यावरच कळणार.