लिव्हर पाडायची वेळ

हँडलने उलटा झटका दिला तसा दोधूने हात मागे ओढला. विहिरीवरच्या इंजिनाने पांढऱ्या धुराचा भपकारा सोडला, जड चाक दोन हेलकावे खाऊन थांबलं. सकाळपासूनची ही सहावी खेप.

त्याची बायको सरला भाकरीचं फडकं घेऊन शेडच्या दारात उभी होती. बाहेर केळीची पानं मधोमध मिटून लोंबत होती. बागेचं पाणी बंद होऊन तेरा दिवस झाले होते. वैशाखाच्या या उन्हात आणखी दोन दिवस, मग बाग हातची गेलीच.

शहाद्याहून आलेल्या भिला मिस्त्रीने पाने-पक्कड पिशवीत टाकले.

"इंजिनमा काहीच बिघाड नही, भो. जुनं शे, तेल उशिरा पोहचस. चाकले वेग येवावरच लिव्हर पाडनी. तू घाई करी ऱ्हायना."

"मोजी ऱ्हायनू ना! वीस फेरा."

"नुसतं मोजीसन काय व्हस? पहिले सावकाश, मंग जोर. बोहल्यावर नवरदेव भी इतली घाई करत नही!" मिस्त्री हसला. "दोन वरीस तूच चालू करी ऱ्हायंता ना? मंग आतेच काय व्हयनं?"

दोधू आधीच पुसलेलं हँडल चिंधीने पुन्हा पुसत राहिला. मिस्त्री पाणी प्यायला बाहेर निंबाखाली गेला. तिथे सरलाच्या सासूबाई, गजराबाई, बसल्या होत्या.

सरलाने वर पाहिलं. शेडच्या आढ्यावर दोरीने घासून गुळगुळीत झालेला एक पट्टा होता. तिथे त्यांच्या लेकीची, इंदूची, झोळी असायची. सरला झोका देत गायची आणि दोधू त्या गाण्यावर हँडल फिरवायचा. पहिल्या ओळींना संथ, शेवटच्या ओळीला सगळा जोर, आणि शेवटच्या शब्दाला लिव्हर खाली. इंजिन कधी चुकलं नाही. त्या धडधडाटातच पोर गाढ झोपायची. संध्याकाळी इंजिन बंद झालं की सरला पाळण्याचं दुसरं, पोरीला उठवायचं कडवं म्हणायची आणि तिला झोळीतून उचलून घ्यायची.

आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी तापाने इंदूला नेलं. झोळी दोधूनेच सोडली. गजराबाईंनी तेवढं एक बजावलं होतं: झोळी सुटलेल्या आढ्याखाली पाळणा म्हणायचा नाही, कूस रुसते. तेव्हापासून घरात कुणी साधं गुणगुणलंही नव्हतं.

सरलाने फडकं खाली ठेवलं.

"हँडल धरा."

दोधूने मान वर केली. "ऱ्हाऊ दे, सरला. मी उद्या परत मोजसू."

"उद्यालोंग केयी ऱ्हातीन का?"

"माय बाहेर बठेल शे."

"हळू म्हनसू."

दोधूने एकदा दाराबाहेर पाहिलं. मग वाकला, एका हाताने लिव्हर उचलून धरली आणि दुसऱ्याने हँडल फिरवायला लागला. चाक कुरकुरलं. सरलाचा हात आपोआप पुढे गेला. धरायला काही नव्हतं. तो तसाच हवेत मागेपुढे होत राहिला.

"नीज वं माय, नीज वं बाई,
तापीकाठले वारा नही..."

चाकाने लय धरली.

"वारा उना, केय हालनी,
मन्ही..."

गाणं तिथेच थांबलं. दोधूने तिच्याकडे पाहिलं नाही. दंडाच्या शिरा तटतटल्या, श्वास फाटायला आला, तरी लिव्हर त्याने वरच धरून ठेवली. एक फेरा. दोन. तीन.

"...इंदू नीजी गयी."

लिव्हर पडली. इंजिन एकदा खोकलं, दोनदा, आणि धडधडायला लागलं. पत्रे थरथरले. पाटात पाणी पडलं.

"दखं का?" बाहेरून मिस्त्री ओरडला. "हात सुधरना!"

दोधू घाम पुसत, पाणी वळवायचं फावडं घेऊन वळला. सरला अजून आढ्याखालीच उभी होती, हात तसाच हलत होता. ओठही हलत होते. आवाज तिचा तिलासुद्धा ऐकू येत नव्हता. पहिलं कडवं तर संपलं होतं. ओठांवरचे शब्द दोधूने ओळखले, दुसऱ्या कडव्याचे.

त्याने फावडं भिंतीला टेकवून ठेवलं, दारात गेला आणि तिच्याकडे पाठ करून चौकटीच्या दोन्ही बाजू धरून उभा राहिला, निंबाखालून आतलं काही दिसू नये असा.