सातव्या टोपलीच्या बाभळी

झरीच्या शिवारात ओढ्याकाठी कस्तुराबाईचं चार एकर मुरमाड रान आहे. तिथं पीक कधी धड आलं नाही. तिच्या नवऱ्यानं तीनदा कापूस लावून पाहिला आणि तिन्ही वेळा ओढ्याला शिव्या देत नाद सोडला. न सांगता, न पेरता वाढल्या त्या फक्त बाभळी. मग दोन वर्षांपूर्वी गावातलाच महारुद्र पुण्याची नोकरी सोडून परत आला आणि रान मागायला दारात उभा राहिला. पेरायला नव्हे, खेळायला.

खेळ साधाच. ठरल्या दगडापाशी उभं राहायचं आणि हातातली प्लास्टिकची तबकडी लांबवरच्या लोखंडी टोपलीत टाकायची. सगळ्यांत कमी फेकीत टाकेल तो जिंकला. याला डिस्क गोल्फ म्हणतात. महारुद्रनं सायकलच्या रिंगा आणि बैलांच्या जुन्या साखळ्या जोडून नऊ टोपल्या उभ्या केल्या. गाव आधी हसलं. "शिकलेलं पोरगं ताटल्या फेकायलंय," म्हणालं. मग हसणारेच संध्याकाळी खेळायला येऊ लागले. गावाचं असंच असतं, नावं ठेवून झाली की पाय तिकडंच वळतात.

कस्तुराबाई त्याच रानात पत्र्याच्या घरात एकटी राहायची. दोन्ही लेकी पूर्णेकडं दिलेल्या, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. पूर्वी दिवस मावळला की ती कडी लावून घ्यायची. आता पंधरा-वीस जण तिच्या रांजणाचं पाणी पिऊन जात आणि वर "काकू, चहा हाय का?" विचारत. "मी काय हाटेल टाकलंय का?" म्हणत ती चूल पेटवायची. खरं सांगायचं तर एवढं सुख तिला लेकी लहान होत्या तेव्हाही लाभलं नव्हतं.

म्हणूनच महारुद्रला आलेल्या कागदाची तिनं धास्ती घेतली. पुण्याहून खेळाच्या संघटनेची बाई मैदान बघायला येणार होती. तिनं पसंत केलं तर हिवाळ्यात राज्याची स्पर्धा इथं होणार, महारुद्रला शिकवायचं काम मिळणार आणि तो गावातच राहणार. नाही केलं तर जुनी कंपनी त्याला परत बोलवतच होती. त्याआधी त्यानं मैदानाच्या चांगल्या आणि कमकुवत बाजू लिहून पाठवायच्या होत्या.

"आपली खोट आपणच सांगायची?" कस्तुराबाईला हे पटेना. "झाकली मूठ सव्वा लाखाची असती बाबा."

"ती बघणारच हाय की, काकू." त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं. रस्ता खराब. पावसाळ्यात ओढा तिसऱ्या टोपलीपर्यंत येतो. संडास नाही. "तुमी रोज बघता. अजून काय खोट हाय, बगा बरं." तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली आणि चांगल्या बाजू वाचायच्या राहून गेल्या.

कस्तुराबाई मात्र विचार करत बसली, आणि तिला खोट सापडली. बाभळी! दोन वर्षं ती बघत होती. तबकडी बाभळीला आपटली की खेळणारा कपाळावर हात मारायचा. फांदीत अडकली की काठ्या घेऊन चौघं नाचायचे. काटे तर कितीजणांच्या पायांतून तिनं स्वतः काढले होते. त्यात तिचा जन्म शेतात गेलेला. बाभळीच्या सावलीत पीक येत नाही, चांगलं रान म्हणजे खळ्यासारखं निर्मळ रान, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पाहुणीला आणायला महारुद्र आदल्या दिवशीच परभणीला गेला. तो गेला तशी तिनं लाकूडतोड्या बन्सीधरला बोलावलं. "लाकूड तुझं, रान मोकळं कर माझं." मे महिन्याच्या उन्हात त्यानं चार गडी लावून सतरा बाभळी आडव्या केल्या आणि लाकूड गाडीत भरून नेलं. काटे कस्तुराबाईनं वेचले, कंबर धरून, वाकून वाकून. महारुद्र आला की काय म्हणेल, याच विचारानं ती मनातल्या मनात हसत होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास गाडी आली. महारुद्र उतरला आणि रान पाहून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. कस्तुराबाईला वाटलं, आनंदानं बोलता येईना पोराला.

पाहुणी मनिषा तिशीतली, चपळ, साध्या स्वभावाची होती. तिनं तबकडी घेतली आणि एकेका टोपलीत दुसऱ्याच फेकीत टाकत निघाली. सातव्या टोपलीपाशी ती थांबली. कस्तुराबाई चहा घेऊन तिथंच आली होती.

"इथं तीन बाभळी होत्या ना?" मनिषानं विचारलं. "तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत पाहिल्या. त्यांच्यामधून तबकडी वळवून न्यायची. असं अवघड ठिकाण आख्ख्या राज्यात दुसरं नाही. मी त्याच्यासाठीच आले."

महारुद्रनं खाली पाहिलं. "मी तोडल्या, मॅडम. वाळवी लागली होती."

कस्तुराबाई ऐकत होती. तो तर परभणीत होता. तो कुणासाठी खोटं बोलतोय हे तिला कळलं, आणि आपण काय करून बसलो तेही कळलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण पोराच्या माथी खापर फुटू देणं तिच्यानं होईना.

"खोटं बोलायलाय त्यो," ती म्हणाली. "म्या तोडल्या. लेकरायला आडव्या यायच्या. रान निर्मळ दिसलं की तुमी पसंत करताल, वाटलं."

मनिषानं कप घेतला. उभं राहायला सावली उरली नव्हती, तरी तिनं उन्हातच सगळा चहा घेतला. "आजी, आडव्या यायच्या म्हणून तर मजा होती," ती हळू म्हणाली. "मोकळ्या रानात कुणीही फेकेल." यंदा स्पर्धा देता येणार नाही, हे तिनं दोघांना तिथंच सांगितलं. झाडं वाढली की कळवा, म्हणाली आणि गेली.

त्या संध्याकाळी कस्तुराबाईनं चूल पेटवली नाही. कुणी येणार नाही, आणि आलं तर तोंड कसं दाखवायचं, असं धरून ती भिंतीला टेकून बसली होती. महारुद्र एकटाच आला. त्याच्या हातात बाभळीच्या शेंगांची पिशवी होती.

"काकू, ह्या कशा लावायच्या?"

ती पिशवीकडं बघत राहिली. "नुसतं बियाणं लवकर उगवत न्हाई. शेंगा शेळ्यायला खाऊ घाल. लेंडीतून पडतंय ते बियाणं लाव, ते लागलीच येतंय." मग तिला राहवेना. "अन् पुणं?"

"न्हाई म्हणून कळवलं."

"येड्या, फांदी आडवी यायला आठ वर्सं लागतील. तवर थांबणार हायस का तू?"

"मी थांबतो," तो तिच्याजवळ खाली बसत म्हणाला. "तुमी थांबताल का?"

कस्तुराबाईला एकाहत्तरावं लागलं होतं. लेकी भेटल्या की सांभाळून राहा म्हणायच्या, औषध घे म्हणायच्या. थांब असं तिला कुणी म्हणालं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"थांबावं लागंल बाबा," ती म्हणाली. "रोपायला पाणी कोण घालंल?"